आकाराम निवेदकाचा आवाज

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आकाराम खाडेचं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टरची म्हणा, ट्रकची म्हणा, मेलेली कसलीही बॅटरी आणा. आकाराम ती फोडायचा, आतल्या काळ्या प्लेटा उपसायचा, शेगडीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचा आणि नव्या प्लेटा जोडून बॅटरी जिवंत करून द्यायचा. तीस वर्षं हाच धंदा. पण तुम्ही शाहूवाडीकडच्या एखाद्या गावात जाऊन 'आकाराम बॅटरीवाला' म्हणून विचारा, कोण ओळखायचं नाही. 'आकाराम निवेदक' म्हणा, लगेच चहा पुढं येईल.

कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलतो तो निवेदक. आता माईक हातात आला की गाढवसुद्धा ओरडतंय, त्यात काय विशेष? आकारामचं तसं नव्हतं. पैलवान मैदानात उतरला की हा कागद न बघता सांगायचा: गाव कुठलं, बाप कोण, वस्ताद कोण, मागच्या साली कुणाला किती मिनिटांत चितपट केलं. आणि कुस्ती लागली की एकेक डाव असा सांगायचा, की कडेला जिलबी घ्यायला आलेला माणूस पुडा हातात धरून तसाच उभा राहायचा.

ही विद्या त्याला दिली गणपतराव वस्तादांनी. वस्ताद म्हणजे त्याच्या गावच्या तालमीचा देवच. आकाराम एकोणीस वर्षांचा असताना त्याचा गुडघा निकामी झाला आणि पैलवानकी संपली. पोरगं तालमीच्या कोपऱ्यात तोंड लपवून रडत पडलेलं. वस्ताद आले आणि म्हणाले, "पाय गेला. तोंड गेलंय काय तुझं? ऊठ, माईक धर." तेव्हापासून गावच्या जत्रेचं मैदान आकारामचंच. अठ्ठावीस वर्षांत एक साल चुकलं नाही.

पुढं काचबिंदूनं वस्तादांचे डोळे गेले. तेव्हापासून जत्रेत त्यांची खुर्ची माईकच्या शेजारी पडायला लागली. पहिल्या साली मैदान संपल्यावर वस्तादांनी चाचपडत आकारामचा हात धरला आणि म्हणाले, "तू बोललास की मला दिसतंय बघ." आकारामला फेटे, नारळ, शाली किती मिळाल्या त्याची गणती नाही, पण हे वाक्य तो आठवून आठवून जगायचा.

आणि मग आवाजच बिघडला.

एका दिवसात नाही बिघडला. आधी नुसता जड झाला. बायको विजयमाला म्हणायची, "आवो, घसा बसलाय काय तुमचा? कांदा जरा कमी खावा." मग चेहरा सुजल्यागत दिसायला लागला, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या. माणसं उन्हानं हैराण झालेली असताना आकाराम स्वेटर घालून दुकानात बसायचा. जेवता जेवता डुलकी लागायची. सगळ्यात वाईट म्हणजे नावं हरवायला लागली. रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव ओठावर यायचं आणि तिथनंच परत फिरायचं.

त्या साली चैत्रात जत्रेला तो तसाच गेला. पहिल्या चार-दोन कुस्त्या कशाबशा रेटल्या. शेवटच्या मोठ्या कुस्तीला दोन्ही पैलवान मैदानात आले, आकारामनं माईक तोंडापाशी धरला आणि एकाच्या वस्तादाचं नाव त्याला काही केल्या आठवेना. जीभ अशी जड की शब्द फरफटत बाहेर पडायला लागले. मैदानात हशा पिकला. कोण तरी ओरडलं, "उतरली न्हाय जणू अजून!"

गणपतराव वस्तादांना दिसत नव्हतं. त्यांना नुसती ती फरफटणारी जीभ ऐकू आली. म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. "माईक काढून घ्या त्याच्या हातातनं. दारू पिऊन माझ्या मातीत पाय ठेवायचा न्हाय कुणी." माईक चालूच होता. अख्ख्या मैदानानं ऐकलं.

ज्या माणसानं जन्मात दारूला बोट लावलं नाही, त्याला त्याच्या देवानं दारुडा म्हटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? 'वस्ताद, मी पीत न्हाय' एवढं तरी त्यानं म्हणायला पाहिजे होतं. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज तसाच निघाला, आणखीच प्यायल्यासारखा. खाली मान घालून एसटीत बसला आणि कोल्हापूरला आला. विजयमालानं विचारलं, "का हो, लवकर आलासा?" तर म्हणाला, "संपलं मैदान."

श्रावणात विजयमालानं त्याला दवाखान्यात ओढून नेलं. रक्त तपासलं. थायरॉईड निघाला. गळ्यातली ती ग्रंथी काम करेना म्हणे. रक्तातला टीएसएच नावाचा आकडा पाचाच्या आत पाहिजे, याचा अडतीस. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, चिठ्ठीवर खाली लिहिलं: सकाळी उपाशीपोटी. आकाराम खूश झाला. रोगाला नाव मिळालं होतं, रोज एक गोळी घ्यायची आणि आवाज परत आणायचा, सोपं होतं. तो विजयमालाला म्हणाला, "पुढच्या जत्रेला बघ तू."

पण आवाज येईना. दोन महिन्यांनी तपासलं, गोळी वाढवली. परत तपासलं, परत वाढवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललेलं. टीएसएच तिसाच्या खाली उतरायला तयार नाही. डॉक्टर विचारायचे, "गोळी रोज घेताय ना?" आकाराम छातीवर हात ठेवून सांगायचा, "एक दिस चुकवली न्हाय." आणि ते खरंच होतं.

पुढची जत्रा आली. गावाकडनं बोलावणं आलं नाही. त्या दिवशी आकारामनं सकाळीच दुकान उघडलं, शेगडी पेटवली, शिसं वितळत ठेवलं. दुपारी चारला, मैदान सुरू व्हायच्या टायमाला, त्याचे ओठ आपोआप हलायला लागले. पळी हातात, डोळे भिंतीवर, आणि तोंडातल्या तोंडात: 'आला, पटाला आला, पट काढला...' समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलेलं त्याला कळलंसुद्धा नाही.

गावाकडचं कोण ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आलं, की हा आधी चहा सांगायचा आणि मग हळूच विचारायचा, "वस्ताद काय म्हणत्यात?"

"काय न्हाय. बसून असत्यात तालमीच्या दारात."

"माझं काय..."

"न्हाय बा. तुझं काय न्हाय काढलं."

निवेदनाला आता सम्राट नावाचा नवा गडी होता. त्याचा आवाज खणखणीत, पण तो डाव सांगायचाच नाही. बक्षीस कुणाचं, फ्लेक्स कुणाचा, टाळ्या झाल्याच पाहिजेत, एवढंच. "वस्ताद मैदानात येत्यात," गावकरी सांगायचा, "पर सारखं शेजारच्याला विचारत्यात, काय चाललंय, कोन वर हाय? शेजारचा कुस्ती बघंल का ह्यास्नी सांगंल?" हे ऐकलं की आकारामला घास गोड लागायचा नाही. त्याला वस्तादांचा राग यायला पाहिजे होता. यायचा नाही. त्याला नुसतं त्या खुर्चीशेजारी जाऊन उभं राहायचं होतं, आणि पंच्याऐंशी वर्षांचा माणूस किती दिवस थांबणार याची भीती वाटायची. रात्री सांधा धरतो तशी ही गोष्ट त्याला धरून राहिलेली.

दिवाळीनंतर ते जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टर अंतरा आल्या. वय तिशीच्या आतबाहेर. आकारामला वाटलं, ही पोरगी काय करणार? तिनं जुने सगळे कागद एकापुढं एक मांडले, गोळीचा डोस बघितला, टीएसएच बघितला आणि खुर्ची पुढं ओढली.

"काका, एवढ्या डोसला हा आकडा बसत नाही. मला एक सांगा, तुम्ही सकाळी उठल्यापासून दुकान उघडेपर्यंत काय काय करता? काही गाळायचं नाही."

आता आकारामला असं कुणी सांगायला सांगितलं आणि त्यानं गाळलं, असं होईल का? पाचला उठतो. तोंड धुतो. गोळीची डबी खिशात टाकतो. गवळ्यांच्या दूधकट्ट्यावर जातो. म्हशी आलेल्या असतात. पेला पुढं करतो, गवळी त्यात धार काढतो, फेस वर येतो, दूध कोमट असतंय तवरच...

"थांबा," अंतरा म्हणाल्या. "गोळी कधी घेता?"

"तवाच की. दुधासंगं."

"दुधाबरोबर?"

"मग कशासंगं?" आकाराम म्हणाला. "चिठ्ठीवर उपाशीपोटी लिवलंय. मी दुधाशिवाय कशाला हात लावत न्हाय."

मागं बसलेली विजयमालासुद्धा मान हलवत होती. त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांच्या हिशेबानं. गणपतराव वस्तादांच्या तालमीतला पहिला नियमच तो होता: दूध म्हणजे खाणं न्हवं. दुधानं उपास मोडत न्हाय. पोरांना ताप येवो, हगवण लागो, वस्ताद पहाटे प्रत्येकाला औषधाची पुडी धारोष्ण दुधातनंच पाजायचे. चाळीस वर्षांमागचा तो नियम आकाराम अजून पाळत होता, आणि वस्तादांनी हाकलल्यापासून तर जास्तच निष्ठेनं पाळत होता. तेवढंच एक नातं राहिलेलं.

अंतरांनी पेन खाली ठेवलं. "काका, ही गोळी दुधाबरोबर घेतली की अंगात नीट लागतच नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि दूध त्यानंतर चार तासांनी. किती महिने झाले असे?"

"पंधरा."

विजयमालानं कपाळावर हात मारला. "अगं बाई! त्यापेक्षा पंधरा महिनं गोळ्या त्या म्हशीलाच चारल्या असत्या, निदान ती तरी गायला लागली असती!" आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला.

आकाराम हसला नाही. त्याच्या मनात एकच आलं. ज्यांनी हा नियम शिकवला, त्याच नियमापायी आवाज अडला, आणि त्या आवाजापायी त्यांनीच हाकललं. हे त्यांना कळलं तर त्या म्हाताऱ्याचं काय होईल?

अंतरा तेवढ्यावर थांबल्या नाहीत. धंदा विचारला. शिसं म्हटल्यावर त्यांनी त्याची बोटं बघितली, हिरड्या बघितल्या. दुकानात जेवता का? तिथंच. हात कशानं धुता? पाण्यानं. आणि गूळ खातो की, गुळानं शिसं उतरतंय. बाईंनी रक्त शिशाच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवलं. निरोगी माणसाच्या अंगात असावं त्याच्या कितीतरी पट शिसं निघालं. विजयमालाच्या रक्तातसुद्धा थोडं निघालं. दुकानातले त्याचे कपडे तीच झटकायची आणि धुवायची ना.

"शिसं थायरॉईडचं काम बिघडवू शकतं," अंतरा म्हणाल्या. "बॅटरीचं काम करणाऱ्यांत असं बघण्यात आलंय. तुमचा थायरॉईड शिशानंच बिघडला असं मी छातीठोक सांगणार नाही, दुसरी कारणंही असतात. पण संशय दाट आहे. आणि थायरॉईडचं सोडा, एवढं शिसं मेंदूला, किडनीला, सगळ्यालाच वाईट. शेगडी बंद करा, काका."

"आनि आवाज?"

"येईल. किती येईल ते बघू."

आकारामनं दुकानात जाऊन शेगडी आणि पळी भंगारात घातली. तीस वर्षांची विद्या होती ती, मन लागलं नाही दोन दिवस. आता नुसत्या सीलबंद नव्या बॅटऱ्या विकायच्या आणि जुन्या चार्ज करून द्यायच्या. मिळकत निम्म्यावर आली. विजयमालानं शेजारणीबरोबर चटणी-मसाल्याचं काम धरलं. ती म्हणाली, "तुम्ही पैल्यासारखं एकदा माझ्यावर मोठ्यानं खेकसा, मग मी बघते पैशाचं."

गोळी पाण्याबरोबर सुरू झाली. पहिला महिना काहीच नाही. दुसऱ्या महिन्यात स्वेटर गेला. मग चेहऱ्याची सूज उतरली. एक दिवस दाढी करताना त्याला एका जुन्या पैलवानाचं नाव आठवलं, त्याच्या बापाचं आठवलं, गावाचं आठवलं, आणि तो साबण लावलेल्या तोंडानं तसाच स्वयंपाकघरात जाऊन विजयमालाला ते सांगायला लागला. फाल्गुनात टीएसएच सहावर आला. आवाज बारा आणे परत आला. चार आणे मात्र आला नाही. वरच्या पट्टीत गेला की फाटायचा. दहा हजार माणसांच्या मैदानाला तो पुरणार नाही, हे आकारामला कुणी सांगायची गरज नव्हती.

चैत्रात तो जत्रेला गेला. बोलावणं नव्हतंच, पण आपल्या गावच्या जत्रेला जायला बोलावणं कशाला लागतंय? मैदानात माईकवर सम्राट होता. वस्तादांची खुर्ची आता माईकपासून लांब, पहिल्या रांगेच्या टोकाला. दोन वर्षांत म्हातारा अर्धा झालेला. फेटा डोक्यापेक्षा मोठा दिसत होता. आकाराम मागनं गेला आणि खुर्चीशेजारी मातीत बसला. पाया पडायचं धाडस झालं नाही.

मोठी कुस्ती लागली. सम्राट देणगीदारांची नावं वाचत होता. वस्ताद हवेत मान फिरवत पुटपुटले, "काय चाललंय? आरं, कोन वर हाय?" शेजारचा माणूस कुस्ती बघण्यात दंग. कुणी उत्तर दिलं नाही.

"खडाखडी चाललीया," आकाराम खालनं हळूच म्हणाला. "तांबडा लंगोट पेठ वडगावचा. हातभर उंच हाय निळ्यापेक्षा. पर कमरंत वाकना झालाय."

वस्तादांची मान थांबली.

"निळ्यानं मनगट धरलं. सोडवलं त्यानं. निळा पटाला घुसतोय... घुसला. एकेरी पट. तांबड्यानं पाय मागं टाकला, वर रेललाय. निळा खाली दबला, पर पाय सोडत न्हाय. दम खातोय वस्ताद, दमवतोय वरच्याला."

"घिस्सा बघ, घिस्सा," वस्ताद म्हणाले. "वरनं घिस्सा मारंल तो."

"मारला. न्हाय बसला. निळा सरकला आतनं, मागं गेला, कंबर धरली."

मागच्या रांगेतनं कोण तरी म्हणालं, "पावणं, जरा मोठ्यानं सांगा की." आकारामनं ऐकलंच नाही. तो एका कानासाठी बोलत होता, आणि तेवढ्या अंतराला त्याचा आवाज भरपूर होता. मधे कुठं अडला नाही, एक नाव चुकलं नाही. वस्तादांचे दोन्ही हात मांडीवर कुस्ती खेळायला लागले होते, बोटं डाव बांधत होती. निळ्यानं उचलून घेतलं, आकारामनं सांगितलं. पाठ टेकली, आकारामनं सांगितलं. मैदान उठून ओरडायला लागलं आणि वस्तादांनी मांडीवर थाप मारली.

गोंगाट थोडा कमी झाल्यावर ते म्हणाले, "आकाराम?"

"व्हय, वस्ताद."

म्हाताऱ्यानं हात खाली आणला, चाचपत त्याची मान धरली आणि जोर करून त्याचं तोंड आपल्या तोंडापाशी ओढलं. चारचौघांत त्याच्या तोंडाचा वास घेतला. एकदा घेतला. परत एकदा घेतला. आजूबाजूची माणसं बघत होती.

"पीत न्हवतास?"

"कधीच न्हाय."

"मग त्या साली काय झालतं तुला?"

"शिसं, वस्ताद. बॅटरीचं. अंगात गेलतं म्हनं, त्यानं घसा आनि जीभ धरली. आता औषध लागू पडलंय."

"दूध घेत हुतास न्हवं सकाळचं?"

"रोज," आकाराम म्हणाला. पुढचं त्यानं सांगितलं नाही.

वस्तादांनी त्याची मान सोडली नाही. "त्या दिशी असं एकदा जवळ घ्याया पायजे हुतं तुला मी," ते म्हणाले. "हातभर लांब हुतास तू माझ्यापास्नं. हातभर. तेवढं काय मी केलं न्हाय."

मैदानात पुढची जोड उतरली. सम्राटनं काही तरी पुकारलं, टाळ्या वाजल्या. वस्तादांनी मान तिकडं वळवली आणि आकारामचा खांदा हलवला. "सांग. कोन कोन आलंय?"

आकारामनं दोघांनाही ओळखलं होतं. त्यांचे वस्ताद, त्यांची गावं, सगळं तोंडावर होतं. त्यानं तोंड उघडलं, पण गळा असा भरून आलेला की त्यातनं हुंकारसुद्धा फुटेना. शेवटी मागच्या रांगेतला तो माणूसच पुढं वाकला आणि त्यानं वस्तादांना दोघांची नावं सांगितली.